ओटा मोठा पाहिजे

आधी गाडीबद्दल सांगते, कारण वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने आमची चौकशी करण्याआधी गाडीचीच केली.

ती एका फिरत्या दवाखान्याची जुनी गाडी होती. लिलावात निघाली तेव्हा आमचे हे नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरात बसून पंखा कुरकुरतो, नळ गळतो अशा तक्रारी करत होते. बांधकाम खात्यात ओव्हरसीअर म्हणून तीस वर्षं रस्त्यांच्या कामावर, निम्मा जन्म तंबूत काढलेला माणूस. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमेना. एक दिवस ही गाडी आणून इमारतीच्या आवारात उभी केली आणि वर्षभर ठोकाठोक करून तिचं घर केलं. झोपायला दोन बाकं, बाकांखाली सामान, मागच्या दाराशी स्टोव्ह ठेवायला एक फळी, छताला कंदील. बाहेरून निळा रंग दिला, पण दारावरची जुनी लाल फुली दोन हात दिले तरी आतून डोकं वर काढायची. तिने पुढे काय गंमत केली ते ओघाने येईलच.

या गाडीतून आम्ही पौषात धुळ्याला गेलो, ते नानांचं घर बांधायला.

नाना यांच्याच खात्यात ट्रकवर ड्रायव्हर होते. वीस-बावीस वर्षं दोघे एकाच कामावर, एकाच छावणीत. यांना मलेरिया झाला तेव्हा नाना रात्रंदिवस उशाशी बसले होते. नाना पुण्यात बदलीवर होते तेव्हा सणावाराला आमच्याकडेच जेवायचे. पण 'साहेब' म्हणायचं त्यांनी कधी सोडलं नाही आणि यांच्या शेजारी कधी बसले नाहीत. छावणीत हे तंबूच्या दारात खुर्चीवर बसून जेवायचे आणि नाना समोर ट्रकच्या सावलीत, चाकाला टेकून. गप्पा मात्र मधल्या वीस फुटांवरून मोठ्याने चालायच्या.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. धुळ्यात ते एका इमारतीच्या मागच्या अंगाला भाड्याच्या खोलीत राहत होते. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेतलं: 'दिवसभर भिंतीकडे पाहत बसतात. आधी माणसं येत होती, आता कोणी येत नाही. असंच राहिलं तर हे वर्ष काढतील असं वाटत नाही.' देवपुरात रस्त्याला लागून त्यांनी एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथे आता घर बांधायचं ठरलं. नानांना पुन्हा माणसांत बसायचं होतं, एवढंच. हे म्हणाले, नकाशा मी काढतो आणि काम मी उभं राहून करून घेतो.

मग नानांचं कार्ड आलं. डाव्या हाताने नव्याने लिहायला शिकलेली वेडीवाकडी अक्षरं: 'साहेब, घर कसंही चालेल. ओटा मोठा पाहिजे.'

यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "मास्तरीणबाई, ओटा म्हणजे कसला?"

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. शब्दाचा अर्थ विचारला की मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवसांत आमच्या इमारतीत घरोघर चुली आणि शेगड्या जमिनीवरून उठून दगडी ओट्यावर चढत होत्या. "स्वयंपाकाचा, दुसरा कसला?" मी म्हटलं आणि वर टोमणाही हाणला. "बघा, अंग लुळं पडलं तरी माणूस बायकोच्या कंबरेची काळजी करतोय. मला आपल्याकडे ओटा करून घ्यायला चार वर्षं भांडावं लागलं."

यांनी नकाशा काढला. स्वयंपाकघरात ओटा, सहा फूट लांब, दोन फूट रुंद. पुढच्या खोलीत नानांसाठी रस्त्याच्या बाजूला भली मोठी खिडकी, म्हणजे बसल्या जागी त्यांना सगळी रहदारी दिसावी. नकाशा पोस्टाने गेला आणि उत्तर आलं: 'ओटा दोन फूट? पुरणार नाही. सहा करा.' आम्ही पोट धरून हसलो. सहा फूट रुंद ओट्यावर अक्कांचा हात मागच्या डब्यापर्यंत पोचणार कसा? हे म्हणाले, "नानाला नकाशाचं माप कळत नाही." अडीच फूट करून पाठवलं. पुन्हा कार्ड: 'ठीक. ओटा बघा.'

इतका हट्ट आहे म्हटल्यावर आम्ही ओट्याचा दगडच भेट द्यायचं ठरवलं. कडप्प्याची काळीभोर, घोटून गुळगुळीत केलेली फरशी घेतली, सहा फूट लांब. चार हमालांनी ती गाडीत दोन बाकांच्या मधोमध ठेवली आणि गाडी मागून वीतभर खाली बसली. प्रवासात आम्ही तिघं होतो, तिसरा तो दगड. संगमनेरच्या पुढे झाडाखाली थांबलो तेव्हा मी त्याच्यावरच पोळ्या लाटल्या. चांदवडच्या घाटात एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की दगडाचा एक कोपरा उडाला. हे तासभर हळहळत होते. मी तो तुकडा पदरात बांधून ठेवला.

धुळे, पाच नंबरची गल्ली

धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्या आखल्यासारख्या सरळ आहेत. पुण्यात पत्ता सांगायचा तर मारुती, हौद, पिंपळ सगळे साक्षीला बोलवावे लागतात. इथे नुसतं 'पाच नंबर' म्हटलं की झालं. यांना हे शहर फारच पसंत पडलं.

आम्ही पोचण्याआधीच नानांना आमची वर्दी लागली होती, ती अशी. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा ते मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. एकदम म्हणाले, "साहेबनी गाडी उनी. क्लच घसरी ऱ्हायना." साहेबांची गाडी आली, क्लच घसरतोय, हे ऐकून अक्कांना वाटलं भ्रम झाला. दारात येऊन पाहतात तर आम्ही.

खोली अंधारी नव्हती, पण तिला उजेड असून उपयोग नव्हता. समोर चार हातांवर शेजारच्या इमारतीची विटांची भिंत. नाना पूर्वी कसे होते ते मला आठवत होतं. उंचेपुरे, परातीएवढं स्टिअरिंग एका हाताने फिरवणारे. आता खाटेवर उशांना टेकून बसले होते आणि डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवत होते, दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळावी तसा. यांना पाहिल्यावर ते रडले. हेही रडले. तीस वर्षांच्या संसारात मी यांना रडताना दुसऱ्यांदा पाहिलं.

अक्कांनी शेवभाजी आणि ज्वारीच्या भाकरी वाढल्या. रश्श्यावर तेलाचा लाल तवंग होता. आमच्या आमटीत गुळाचा खडा पडला नाही तर चुकल्यासारखं होतं, आणि इथे पहिल्याच घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. अक्का म्हणाल्या, "ताई, आज कमीच तिखट टाकलं, तुमच्यासाठी." अक्का जळगावकडच्या असोद्याच्या. त्यामुळे या घरात दोन बोली नांदत होत्या. 'आहे'ला नाना 'शे' म्हणायचे आणि अक्का 'हाये'. चाळीस वर्षांत दोघांपैकी कोणीही माघार घेतलेली नाही.

जेवण झाल्यावर नानांनी हळूच विचारलं, "साहेब, ओटा?"

"अरे, ओट्यासाठी पुण्याहून दगड आणलाय!" हे म्हणाले. "कडप्प्याचा. सहा फुटी."

नाना बघतच राहिले. "पुण्याहून? माझ्या ओट्यासाठी?" आणि त्यांनी डाव्या हाताने यांचा हात घट्ट धरला. आम्हाला धन्य वाटलं. त्या क्षणी त्या खोलीत सगळे सुखी होते, फक्त प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीमुळे.

देवपूर

पांझरेचा पूल ओलांडला की देवपूर. नदीला घोट्याएवढं पाणी होतं आणि खडकांवर धुणी वाळत होती. प्लॉटसमोर एक मोठा लिंब होता, त्याच्याखाली गाडी लावून आम्ही महिनाभराचा मुक्काम ठोकला.

पहिल्याच सकाळी गाडी बघायला माणसं जमली. समोरच्या घरातल्या भुराबाई, सत्तरीच्या, काठी टेकत आल्या, गाडीच्या आत वाकून बाकं पाहिली, कंदील पाहिला, आणि पसंतीची मान हलवून म्हणाल्या, "घर त झकास शे, माय. पन यान्हा ओटा कोठे शे?"

मी मोठ्या कौतुकाने मागच्या दाराशी स्टोव्हची फळी दाखवली. "हा काय ओटा!"

भुराबाईंनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना काठी सांभाळेना. मला वाटलं, फळी फारच लहान आहे म्हणून हसताहेत.

काम सुरू झालं. गवंडी दगा मिस्तरी, कमी बोलणारा आणि हाताला फार चांगला. जोतं आधीच भरून झालं होतं, ते प्लॉटच्या पुढच्या कडेपर्यंत, अगदी रस्त्याला भिडून. प्लॉट लहान, त्यातली वीतभरही जागा वाया जाऊ नये असा यांचा नकाशा. दगा मिस्तरीने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "साहेब, पुढे जागा नही सोडनी का? ओटा?" यांनी नकाशावर स्वयंपाकघरात बोट ठेवलं. "हा काय, इथे." मिस्तरीने मान डोलावली. पुण्याच्या साहेबाने नकाशा काढलाय, तर असेल काही नवी रीत, असं त्याला वाटलं असणार.

हे पहाटेपासून ओळंबा घेऊन उभे. भिंत केसभर कलली असली तर तो थर काढून पुन्हा लावायला सांगायचे. सिमेंट परमिटवर मिळायचं आणि वाट्याला आलेली पोती मोजकी, म्हणून यांनी त्यात चुना मिसळून असा माल बनवला होता की मिस्तरीही बोटावर घेऊन बघायचा. निवृत्तीनंतर हरवलेला माणूस मला तिथे परत दिसला. अंगावर चुना, डोक्याला पंचा, आणि रात्री पाठ टेकताच झोप.

अक्का दुपारी डबा घेऊन यायच्या, भिंतींवरून हात फिरवायच्या. एकदा घराच्या पुढे उभ्या राहून म्हणाल्या, "ओटा शेवटालेच करतात ना ताई? चिखलानं खराब व्हते."

"हो, दगड शेवटीच बसवायचा," मी म्हटलं. दोघींचं अगदी एकमत झालं.

पंधरा दिवसांत पुढची भिंत छातीच्या वर आली. दाराची जागा मोकळी होती, कारण चौकट असोद्याहून यायची होती. अक्कांच्या भावाने जुन्या सागाची चौकट बहिणीसाठी राखून ठेवली होती. ती आणायला आम्ही अक्कांना घेऊन निघालो.

असोदा

पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं. इथे आमच्या यांनी, रस्ते बांधणाऱ्या माणसाने रस्ता विचारायचा नसतो या बाण्याने, गाडी हमरस्त्यावरून सरळ दामटली आणि आम्ही थेट नशिराबादला पोचलो. अक्का मागे बाकावर बसलेल्या, त्यांना बाहेरचं दिसत नव्हतं. तिथे पत्ता विचारायला थांबलो तर एक म्हातारबाबा गाडीजवळ आले, दारावरची पुसटशी लाल फुली पाहिली आणि काही न बोलता माझ्यापुढे तोंड उघडून उभे राहिले. मागची दाढ किडली होती. मी किती सांगितलं, हा दवाखाना नाही, आम्ही राहतो यात. त्यांनी तोंड मिटलं नाही. शेवटी मसाल्याच्या डब्यातल्या दोन लवंगा दिल्या, दाढेखाली धरायला सांगितलं. ते समाधानाने गेले आणि त्यांच्या जागी एक बाई गुडघा धरून उभी राहिली. आम्ही घाईने गाडी वळवली.

असोदा म्हणजे केळीच्या बागा, कपाशी, आणि उसंत असलेली माणसं. अक्कांचे भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी आमच्यासाठी भरिताचा बेत केला होता. भरिताची वांगी आमच्याकडच्या वांग्यांसारखी जांभळी नाहीत, फिकट हिरवी आणि लांबट असतात. ती शेतातच कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात आणि बडगी नावाच्या लाकडी पात्रात हिरव्या मिरच्यांबरोबर कुटतात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली. त्या भरिताला धुराचा वास होता आणि मी लाज न बाळगता तीनदा घेतलं.

हात धुतल्यावर आबा म्हणाले, "चाला, ओट्यावर बसू."

मला जरा नवल वाटलं. पण परक्या ठिकाणची रीत, म्हणून मी निमूटपणे उठले आणि आत स्वयंपाकघरात गेले. तिथे आबांची सून जमिनीवरच्या चुलीपुढे बसून जेवत होती. मला पाहून ती बावरली. मी चहूकडे पाहिलं. ओटा कुठेच नव्हता.

मागून आबांचा आवाज आला, "ताई, तिकडे कुठी चालल्या? ओटा बाहीर हाये!"

मी बाहेर आले.

संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. घरापुढे कमरेएवढा उंच, शेणाने सारवलेला ऐसपैस चौथरा होता. त्यावर आबा बसले होते, हे बसले होते, शेजारचे दोघं कधी येऊन टेकले होते कळलंही नाही. एक बाई लसूण सोलत होती. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला आबांनी हाक मारली आणि तो डोक्यावरचा भारा खाली ठेवून बसला. मी गल्लीवर नजर टाकली. दोन्ही बाजूंना प्रत्येक घरापुढे असाच ओटा, आणि प्रत्येक ओट्यावर माणसं. सगळी गल्ली घराबाहेर बसली होती.

मी यांच्याकडे पाहिलं. यांचा हात नकळत विती टाकत ओट्याची रुंदी मोजत होता. "सहा फूट," हे म्हणाले आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

आमच्या दोघांची नजर भेटली. भुराबाई का हसल्या ते कळलं. सहा फूट का पाहिजे ते कळलं. दोन ओळींच्या त्या कार्डात डाव्या हाताने, घाम गाळत, नानांनी काय मागितलं होतं ते आत्ता, घर छातीभर उभं राहिल्यावर कळलं.

मी अक्कांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. "पण पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे हो, अक्का," मी म्हटलं. ते मी त्यांच्यासाठी म्हटलं की माझ्यासाठी, देव जाणे. "नानांना सगळा रस्ता दिसेल."

अक्का रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "खिडकीतून मानूस दिसतो, ताई. बसत नही."

परत धुळे

सागाची चौकट दगडावर आडवी ठेवून आम्ही परत निघालो. हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि ते मला फार लागलं. अर्थ मी सांगितला होता. शाळेत पोरांनी शब्दाचा अर्थ चुकवला की मी दहा वेळा लिहायला लावायची. शब्द नुसता पुस्तकात नसतो, त्याला गाव असतं, हे इतकी वर्षं शिकवून माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

नानांना सांगावंच लागणार होतं. यांनी खाटेच्या कडेला बसून सांगितलं, काहीही न लपवता. नाना आधी हसले, तोंडाची एकच बाजू हसली. "मी म्हटलं, पुण्याकडची माणसं बारीक असतील, म्हणून दोन फूट." मग त्यांनी विचारलं, "आता?"

"पुढची भिंत रस्त्याला लागून आहे. ओट्याला जागा नाही. पाडून मागे घ्यावी लागेल."

"नको, साहेब." नाना पटकन म्हणाले. "सिमेंट कुठून आणायचं पुन्हा? तुमच्या हातची भिंत. इतक्या वर्षांत तुमची एक भिंत पाडलेली मी नाही पाहिली. खिडकी शे ना. चालेल." आणि बोलता बोलता त्यांनी तोंड वळवलं, समोरच्या त्या विटांच्या भिंतीकडे.

हे उठले. मला म्हणाले, "चल." एवढंच.

देवपुरात पोचल्यावर यांनी पहार मागितली. दगा मिस्तरी पहार देईना. "साहेब, पक्की भिंत शे ही. कसाले पाडतस?" त्याच्या आवाजात चक्क दुखावलेपण होतं. भिंत त्याचीही होती. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिला घाव स्वतः घातला. भिंतीला काही झालं नाही. दुसऱ्या घावालाही नाही. इतका चांगला माल बनवल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. पाचव्या-सहाव्या घावाला एक वीट सुटली. यांनी ती उचलली, फुंकर मारून बाजूला ठेवली, आणि पुन्हा पहार घेतली. मग मिस्तरीनेही दुसरी पहार आणली.

मी पदर खोचून विटा साफ करायला बसले. एकेका विटेला चिकटलेला चुना कोयत्याने खरवडून काढायचा, वीट फुटू द्यायची नाही. तीन दिवस मी तेच केलं. भुराबाई समोर येऊन बसल्या आणि न विचारता त्याही विटा खरवडू लागल्या. दुसऱ्या दिवशी हे पाणी प्यायला माझ्याजवळ आले, माझे सोलवटलेले हात पाहिले आणि म्हणाले, "मी तरी कुठे दुसऱ्या कोणाला विचारलं?" त्यानंतर माझं मन जरा हलकं झालं.

नवी भिंत सहा फूट मागे आली. पुढची खोली लहान झाली. तिच्यात आता एक खाट आणि एक माणूस, एवढंच मावणार होतं. "त्याला आत राहायचंच नाहीये," हे म्हणाले. आणि रीत मोडून त्यांनी घराआधी ओटा पुरा करायला घेतला. जुन्या जोत्याचा पुढचा भाग आयताच होता. वर भर घातली, कड बांधली, एका बाजूने नानांसाठी पायऱ्यांऐवजी उतार केला. अक्कांनी आणि भुराबाईंनी तो सारवला.

राहिला आमचा कडप्पा. स्वयंपाकघरात बसवायचा का, असं मी अक्कांना विचारलं होतं. त्या भिडस्तपणे म्हणाल्या, "ताई, खापरावरची पुरणपोळी हातावर वाढवून टाकायची. उभ्यानं जमंन नही मले." तेव्हा यांनी तो दगड ओट्यावर मागच्या भिंतीला लावून बसवला, बाकासारखा, पाठ टेकून बसता येईल असा. मी पदरातला तो तुटका कोपरा काढून दिला. मिस्तरीने तो जागच्या जागी चिकटवला. सांधा दिसतो, पण दगड हलत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नानांना आमच्या गाडीतून आणलं. पांझरेच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. दार उघडून त्यांना नदी दाखवली. सव्वा वर्षाने पाहत होते. मग उतारावरून चौघांनी धरून त्यांना ओट्यावर नेलं आणि दगडावर बसवलं. मागे घराला छप्पर नव्हतं, चौकटीला दार नव्हतं.

नाना काही वेळ नुसते रस्त्याकडे पाहत होते. एक लादलेला ट्रक आला. त्याचा आवाज ऐकून ते म्हणाले, "मागचा टायर बसेल शे," आणि पुढे जाऊन तो ट्रक खरंच थांबला. मग सायकलवरून एक ओळखीचा माणूस जाताना दिसला. कुठे चाललास म्हणून नाना ओरडले, "कथा चालना रे भाऊ? ये, बस!" त्या माणसाने आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर सायकल तशीच आडवी टाकून आला. तासाभरात ओट्यावर सात माणसं होती. अक्का बिनछपराच्या घरात दगडांच्या चुलीवर चहा करत होत्या आणि कपबश्या पुरत नव्हत्या. भुराबाई काठी टेकत आल्या, ओट्याची कड हाताने चाचपली, बसल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आते हाई घर शे, माय."

आमचे हे मात्र खाली रस्त्यावर उभे होते, ओळंबा हातात धरून, काम कसं झालं ते बघत. उन्हं कलली होती. नानांनी डाव्या हाताने आपल्या शेजारी दगडावर थोपटलं.

"उभे का तुम्ही? या ना," ते म्हणाले. "बसा, भाऊ."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नानांच्याही ते लक्षात आलं असावं. यांनी ओळंबा खिशात घातला, वर गेले आणि नानांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसले. मी गाडीजवळ उभी होते. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

पुणे

छप्पर घालून, दार लावून आम्ही फाल्गुनात परतलो. आमच्या घरात स्वयंपाकाचा ओटा आहे, चार वर्षं भांडून मिळवलेला. मी त्याच्याशी उभी राहून पोळ्या करते. समोर जिन्याची भिंत दिसते. शेजारच्या बाई गेल्या आठवड्यात आजारी होत्या, ते मला दूधवाल्याकडून कळलं.

परवा नानांचं कार्ड आलं. अक्षर थोडं सुधारलं आहे, मजकूर मात्र पूर्वीइतकाच: 'भाऊ, ओटा पुरत नाही. या.'

यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीणबाई, पुरत नाही म्हणजे काय? वाढवायचा की कसं?"

"मला विचारू नका," मी म्हटलं. "तिथे जाऊन विचारू."

हे हसले. कार्ड खिशात घातलं, खुंटीवरची किल्ली काढली आणि गाडीच्या चाकांत हवा आहे का ते बघायला तीन जिने उतरून खाली गेले.